तापीच्या उत्तरेला ट्यूबवेल, दक्षिणेला विहीर: जळगाव जिल्ह्याच्या जमिनीखाली नक्की काय आहे

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घरची शेती यावल तालुक्यात, तिथे ट्यूबवेल कितीही खोल गेली तरी दगड लागत नाही, नुसती माती-वाळू-गोटे येत राहतात. सासऱ्यांची शेती पारोळ्याकडे, तिथे वीस फुटांवर कातळ सुरू, ४० फुटांची विहीर मार्चमध्ये तळाला जाते म्हणून बोअर घेतली, ४५० फूट गेली आणि कोरडी. आता यावलचा ओळखीचा मशीनवाला म्हणतोय की अजून २०० फूट जा, आमच्याकडे तेवढ्यावरच पाणी लागतं. जावं का, आणि एकाच जिल्ह्यात एवढा फरक कसा, हे तुम्ही विचारलंय.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो, जाऊ नका. खर्च तर वाया जाईलच, पण त्या बोअरने विहिरीचं आहे ते पाणी खाली ओढून नेलं असण्याची मला शंका येतेय, त्यावर पुढे येतो. मशीनवाला खोटं बोलत नाहीये, तो यावलच्या अनुभवाने बोलतोय, आणि यावलचा अनुभव पारोळ्याला लागू होत नाही. गेली पंचवीसेक वर्षं मी खानदेशात विहिरी आणि बोअरच्या जागा पाहतोय आणि सगळ्यात जास्त पैसा मी याच एका गैरसमजात बुडालेला पाहिलाय.

जिल्हा उत्तरेकडून दक्षिणेकडे सुरीने कापला आणि बाजूने पाहिला असं समजा. उत्तरेला सातपुडा, मग पायथ्याचा दगडगोट्यांचा उतार ज्याला आमच्या कामात बाजाडा म्हणतात, मग तापीचा गाळाचा पट्टा म्हणजे तुमचा केळीचा भाग, मग तापी नदी, नदीच्या दक्षिणेला गाळाची अजून एक अरुंद पट्टी, आणि तिथून पुढे अमळनेर-एरंडोलच्या वरच्या अंगापासून पारोळा, भडगाव, पाचोरा, जामनेर, चाळीसगाव करत अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत सगळा काळा खडक. सातपुडाही त्याच काळ्या खडकाचा आहे. म्हणजे मुळात खडक एकच, फक्त मधल्या भागात तो खोल गेलाय आणि त्याच्यावर गाळ साचलाय.

हा काळा खडक म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून त्यातून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला तो. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग याच्यावर बसलाय. एकदम सगळा लाव्हा आला असं झालं नाही, एक थर आला, थंड झाला, काही काळ तसाच उघडा पडला, त्यावर ऊन-पावसाने माती तयार झाली, मग दुसरा थर आला आणि त्या मातीला भाजून काढलं. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ना, ते हेच थर, कठीण थराचा कडा उभा राहतो आणि मऊ थराचा उतार होतो.

मग मधला भाग खोल का गेला? सातपुड्याच्या पायथ्याशी पूर्व-पश्चिम मोठे भ्रंश आहेत, म्हणजे जमिनीतल्या तुटलेल्या रेषा, उत्तरेची बाजू वर उचलली गेली आणि तापीचं खोरं खचलं. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, तोही याच तुटलेल्या पट्ट्यातला, खोलवर गेलेलं पाणी तापून भेगेतून वर येतं. खचलेल्या खोऱ्यात डोंगरावरून येणारा आणि नदीने आणलेला गाळ भरत गेला, तो शेकडो फूट जाड आहे, म्हणून तुमच्या यावलच्या ट्यूबवेलला दगड लागत नाही. दगड आहे, पण फार खाली.

आता गाळ म्हटला की लोकांना वाटतं खाली सगळी वाळू आणि पाणीच पाणी. तसं नाहीये. तापीच्या काठावर पावसाने कापलेल्या खोल घळी आहेत, शेतकरी त्यांना पडीक जमीन म्हणून शिव्या घालतात पण मला एखाद्या गावाखाली काय आहे ते समजून घ्यायचं असेल तर मी आधी घळीत उतरतो, कारण तिथे जमीन उघडी करून ठेवलेली असते. वरती हात-दोन हात काळी माती, खाली पिवळसर तपकिरी गाळ, इतका बारीक की बोटांत चोळला की पिठासारखा लागतो, मग मधेच एका सरळ रेषेत पांढरे चुनखडीचे खडे, शेंगदाण्यापासून बटाट्याएवढे, मग परत गाळ, आणि एका ठिकाणी अचानक वाळू आणि गुळगुळीत गोट्यांचा थर, मधे दोन-अडीच मीटर जाड आणि दोन्ही बाजूंना निमुळता होत पंधरा-वीस पावलांवर संपलेला. तो जुन्या नदीचा किंवा नाल्याचा मार्ग. पाणी देतो तो हा वाळू-गोट्यांचा थर, भोवतीचा बारीक गाळ आणि चिकणमाती पाणी धरते पण सोडत नाही. त्यामुळे तुमच्या ट्यूबवेलला भरपूर पाणी आणि बांधापलीकडच्याला कमी असं होतं, तुमच्या बोअरला ती वाळूची लेन सापडली आणि त्याला सापडली नाही, एवढंच.

म्हणून गाळात ट्यूबवेल करताना खोलीपेक्षा खाली काय काय लागलं याची नोंद महत्त्वाची. दर १० फुटांचा नमुना बाजूला काढून ओळीत ठेवायचा, कुठे वाळू लागली ते लिहायचं, आणि जाळीचा म्हणजे स्लॉटवाला पाइप बरोब्बर त्याच खोलीवर येईल अशी जोडणी करायची, बाकी ठिकाणी साधा पाइप, भोवती बारीक गोट्यांचं पॅकिंग. बरेच जण अंदाजाने पाइप टाकतात, स्लॉट चिकणमातीसमोर येतात आणि वाळूसमोर साधा पाइप, मग ट्यूबवेल गढूळ पाणी देते, पंप घासला जातो आणि दोन वर्षांत बंद. आणि मग दोष जमिनीला.

बाजाडा पट्टा मात्र माझ्या लेखी अख्ख्या जिल्ह्यातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा आहे, आणि त्याच्याकडे आपण सगळ्यात कमी लक्ष देतो. पावसाळ्यात एखाद्या दिवशी सुकी किंवा मोर नदीच्या वरच्या अंगाला जाऊन बघा. डोंगरात पाणी खळाळून वाहत असतं आणि पायथ्याला आलं की कमी-कमी होत जातं, छोटे नाले तर चक्क गायब होतात. डोंगरातून सुटलेल्या पाण्याने आणलेले बेसाल्टचे धोंडे, गोटे, जाड वाळू आणि मधे लाल-तपकिरी माती असा हा सगळा ढीग पायथ्याशी पसरलाय, त्याच्या फटींमधून पाणी खाली उतरतं आणि मग जमिनीखालून तापीच्या दिशेने तुमच्या केळीच्या पट्ट्याकडे सरकतं. तुमच्या यावलच्या ट्यूबवेलमधलं पाणी मोठ्या प्रमाणावर तिथून आलेलं आहे. पण बाजाड्यात स्वतः विहीर खोदणं अवघड, धोंडे ढासळतात, आणि पाणी खूप खोल असतं कारण ते तिथे थांबतच नाही. हा भाग पाणी उपसायचा नाही, पाणी जिरवायचा आहे. रावेर-यावलमधली पातळी वर्षानुवर्षं खाली चाललीये ती याच कारणाने, वरून जेवढं जिरतंय त्याच्यापेक्षा खालून जास्त उपसलं जातंय. तापी मेगा रिचार्जची योजना आहे, मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशचा त्यावर करार झाला, तिची मूळ कल्पना हीच की तापीचं पुराचं पाणी या पायथ्याच्या पट्ट्यात नेऊन सोडायचं. भूगर्भाच्या दृष्टीने जागा अचूक निवडलीये. पण तोपर्यंत प्रत्येक गावाने आपापल्या नाल्यात बांध आणि रिचार्ज शाफ्ट, म्हणजे पाणी जिरवायची उभी खोल भोकं, केली तरी फरक पडतो, फक्त एक काळजी, गढूळ पाणी थेट शाफ्टमध्ये किंवा ट्यूबवेलमध्ये सोडू नका, बारीक माती फटीत बसली की ती जागा कायमची बुजते. आधी पाणी निवळू द्यायचं, मग गोटे-खडी-वाळूच्या गाळणीतून खाली.

हाच गाळ पूर्वेला पूर्णेच्या खोऱ्यात बुलढाणा, अकोला, अमरावतीकडे गेला की खारा होतो, तो खारपाणपट्टा. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते पण दोन्ही खोऱ्यांचं पाणी एकसारखं नाही, हे मुक्ताईनगरच्या पूर्वेला नातेवाईक असणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिकडे खोल जाणं म्हणजे बऱ्याचदा खाऱ्या पाण्याला बोलावणं.

आता पारोळा. इथे गाळ विसरून जा. वरून खाली साधारण असं येतं: काळी माती, कुठे दोन फूट कुठे दहा, माळाला तर वीतभरच, तिला आपण बरड म्हणतो. मग मुरूम, म्हणजे खडक कुजून झालेला भुसभुशीत थर, विहिरीच्या भिंतीत नीट बघितलं तर कांद्यासारखी सालं सुटलेले गोल गोळे दिसतात, मधे घट्ट दगडाचा गर आणि भोवती एकावर एक पापुद्रे. मग चिरा-भेगा असलेला कातळ. मग काळा पाषाण, घट्ट, छिन्नी मारली की टणटण वाजणारा, यात भेग नसेल तर पाण्याचा थेंब नाही. आणि त्याच्याखाली पुढच्या लाव्ह्याच्या थराचं डोकं, तिथे मांजऱ्या लागतो. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे वर येऊन अडकतात त्यामुळे थराचा वरचा भाग भोकाभोकांचा होतो आणि पुढे त्या भोकांत पांढरे-हिरवट खनिजांचे खडे भरतात. मांजऱ्या मऊ असतो, लवकर कुजतो, आणि कुजलेला आणि भेगाळलेला असेल तर चांगलं पाणी देतो. त्या थराच्या डोक्यावर कधी कधी तांबडा थर असतो, हातभर ते दोन-तीन मीटर, ती वर सांगितलेली भाजलेली जुनी माती. बोअर चालू असताना काळी भुकटी उडता उडता एकदम विटेच्या चुऱ्यासारखी लाल भुकटी यायला लागते तो हा थर.

तुम्ही लिहिलंय की ५५ फुटांवर लाल भुकटी आली होती, आणि त्याच्या जरा आधी भुकटी ओली झाली होती पण मशीनवाला म्हणाला एवढ्याशा पाण्याने काय होतंय, पुढे चला. दादा, तुमचं पाणी तेच होतं.

लाल थर चिकण असतो, पाणी खाली जाऊ देत नाही, त्यामुळे वरून मुरुमातून आणि भेगांतून उतरलेलं पाणी त्याच्या डोक्यावर अडतं आणि आडवं सरकतं. तुमची विहीर ४० फुटांवर थांबलीये, म्हणजे पाणी ज्या पातळीवर अडतंय त्याच्या पंधरा फूट वर. पावसाळ्यानंतर पातळी वर असते तोवर विहिरीत पाणी, मार्चमध्ये पातळी ४० च्या खाली गेली की विहीर कोरडी, पण खाली १०-१५ फुटांत अजून पाणी असू शकतं. आणि बोअरला केसिंग, म्हणजे वरच्या भागात बसवलेला बंद पाइप, किती? तुम्ही २० फूट लिहिलंय. म्हणजे २० ते ४५० सगळी उघडी भोकं. आता ती बोअर विहिरीच्या जवळ असेल तर लाल थराला भोक पडल्यामुळे वर अडलेलं पाणी त्या भोकातून खालच्या कोरड्या खडकात गळत राहणार. भांड्याच्या बुडाला भोक पाडल्यासारखं. हे मी अनेक गावांत पाहिलंय, नवीन खोल बोअर झाली आणि पुढच्याच उन्हाळ्यात शेजारच्या दोन विहिरी लवकर आटल्या, भांडणं झाली, कुणालाच कारण कळेना.

खोल गेल्यावर पाणी का नाही हेही सांगतो. बेसाल्टमध्ये पाणी दगडात नसतं, ते भेगांत आणि कुजलेल्या भागात असतं, आणि खाली जाल तसा वरच्या वजनाने भेगा मिटत जातात. पहिल्या ६० मीटरमध्ये म्हणजे २०० फुटांच्या आत काही मिळालं नाही तर पुढे मिळण्याची शक्यता खूपच कमी. कुठेतरी ४०० फुटांवर लागतं, नाही असं नाही, त्याच एका बोअरची गोष्ट दहा गावांत सांगितली जाते, कोरड्या गेलेल्या शंभरांची कोणी सांगत नाही. शिवाय महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात ६० मीटरची मर्यादा आहे, त्यापुढची खोल विहीर धरली जाते आणि शेतीसाठी तशी नवीन घ्यायला मनाई आहे. आणि साठ्याचाच हिशोब बघितला तर, भूजलाच्या अंदाजात कुजलेला किंवा भेगाळलेला बेसाल्ट साधारण २ टक्के धरतात, म्हणजे १०० घनमीटर खडक भिजलेला असेल तर त्यातून २ घनमीटर पाणी हाती येतं, वाळूमिश्रित गाळात हाच आकडा १० ते १६ पर्यंत जातो. म्हणून यावलमध्ये सहा-आठ इंची ट्यूबवेल चालते आणि पारोळ्याला मोठ्या व्यासाची विहीर लागते, जिच्यात रात्रभर झिरपलेलं साठतं आणि सकाळी उपसता येतं. आपल्या आजोबांनी ज्या रुंद विहिरी खोदल्या त्या खडक ओळखूनच खोदल्या होत्या.

तर मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. आधी बोअर विहिरीपासून किती लांब आहे ते पावलांनी मोजा. जवळ असेल तर ती बुजवा, नुसती माती ढकलून नाही, खालून खडी-मुरूम भरत आणा आणि ७० फुटांपासून ४५ फुटांपर्यंत चिकणमाती किंवा सिमेंटचा घट्ट बूच बसवा म्हणजे लाल थराचं भोक बंद होईल. मग मे महिन्यात, पाणी सगळ्यात खाली असताना, विहीर खोल करायला घ्या, ४० वरून ५२-५३ पर्यंत. लाल थर दिसायला लागला की थांबा, तो फोडू नका, एक तर पाणी खाली जाईल आणि दुसरं म्हणजे तो ओला झाला की फुगतो आणि सुटतो, वरचा कातळ अधांतरी राहून कडा कोसळतो. लाल थरापर्यंत पोचल्यावर तळाच्या हात-दीड हात वरून आडव्या बोअर घ्या, पण चारही दिशांना सरसकट मारू नका, ज्या बाजूने भिंत ओली दिसते, शेवाळ धरलेलं असतं, तिकडे दोन घ्या आणि काय येतं ते बघा. सुरुंग लावणार असाल तर हलका लावा, जोरात उडवलं की भेगा उघडण्याऐवजी चुऱ्याने बुजतात, आणि ते काम परवानाधारक माणसाकडूनच.

अजून एक बघून ठेवा, शेताच्या आसपास सरळ रेषेत गेलेली काळ्या दगडांची वरंब्यासारखी उंच पट्टी आहे का, जिच्यावर निवडुंग-बोरी वाढतात आणि नांगर चालत नाही. ती डाईक असू शकते, म्हणजे जुन्या भेगेत उभा गोठलेला लाव्हा. धुळे-नंदुरबारकडे अशा शेकडो आहेत, आपल्याकडेही काही सापडतात. घट्ट असेल तर ती जमिनीखालची भिंत असते, चढाच्या बाजूला पाणी अडतं आणि उताराच्या बाजूला विहिरी कोरड्या. शेजारच्या चार विहिरींच्या खोली आणि मे महिन्याची पातळी एका कागदावर लिहिली तरी ही भिंत लक्षात येते.

शेततळ्याचं विचारलं होतं, तेही याच्यावरच ठरतं. जाड काळ्या मातीत तळं आपोआप पाणी धरतं, मुरुमात आणि बाजाड्यात प्लास्टिकचा कागद नसेल तर पंधरा दिवसांत रिकामं, आणि मुरुमातलं ते रिकामं होणं वाईट नाहीये, ते तुमच्या विहिरीला जातं. घर बांधणार असाल तर काळ्या मातीवर पाया ठेवू नका, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, भिंतीला तिरके तडे जातात, मुरूम लागेपर्यंत खाली जा.

आणि एक गोष्ट जी तुमच्या प्रश्नात नव्हती पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. चाळीसगाव तालुक्यात अजिंठ्याच्या पायथ्याशी पाटणे आहे, तिथल्या गाळाच्या थरांत पुरातत्त्व संशोधक एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात उत्खनन केलं, त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघोट्या कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. शहामृग, आपल्या खानदेशात. म्हणजे तेव्हा हा भाग मोकळ्या गवताळ माळाचा असणार. आपण जो गाळ जेसीबीने उकरून वीटभट्टीला देतो त्यात असं काय काय असतं, निदान थर उघडा पडला की एकदा नजर तरी टाकावी.

नकाशा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जळगाव कार्यालयात जा, गावच्या निरीक्षण विहिरीची पातळी त्यांच्याकडे असते, आणि केंद्रीय भूजल मंडळाचा जिल्ह्याचा अहवाल ऑनलाइन मिळतो. पण नकाशाच्या आधी मला सासऱ्यांच्या विहिरीचे फोटो पाठवा, चारही भिंतींचे वेगवेगळे, सकाळी दहा-अकराच्या उन्हात काढलेले, भिंतीला टेप लोंबता ठेवून म्हणजे खोली कळेल, आणि ओल कुठल्या दिशेच्या भिंतीला आहे ते लिहा. आडवी बोअर कुठून घ्यायची ते मग नक्की सांगता येईल.